फोटोत तर काहीच नाही

दवाखान्याच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. पन्नाशी उलटलेली, उजवा गाल तळहातात धरलेला, दुसऱ्या हातात एक्स-रेचं छोटं पाकीट. एकदा आत जाऊन आले होते आणि आता काउंटरवरच्या मुलीशी बोलत होते. आवाज चढलेला नव्हता. बेरीज जुळत नाही म्हणून पुन्हा वरून मोजायला घेतलेल्या माणसासारखा होता. "ताई, फोटोत तर काहीच नाही. डॉक्टरसाहेबपण तेच म्हणाले, फोटोत काही दिसत नाही. मग बारा हजार कसले?" मुलगी म्हणाली, "काका, दाढ तडकलीय ना." "तडकलीय तर दिसंना का?" यावर तिनं आतल्या दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

प्रश्न रास्त होता, म्हणूनच तो डोक्यातून जाईना. दोनशे रुपये देऊन फोटो काढला, फोटो म्हणतो सगळं ठीक. आणि त्याच फोटोच्या पाठीवर पेननं लिहिलेलं: रूट कॅनल ५,०००, कॅप ७,०००. गॅरेजवाला जर म्हणाला, "बिघाड दिसत नाही, पण इंजिन खोलावं लागेल," तर आपण गाडी ढकलत पुढच्या गॅरेजला नेतो. दाताच्या बाबतीतही लोक तेच करतात. पुढच्या दवाखान्यात जातात, तिथे पुन्हा फोटो निघतो, पुन्हा त्यात काही नसतं, आणि या येरझाऱ्यांत महिना जातो. तडकलेल्या दाढेच्या खर्चात हा महिनाच सगळ्यात महाग असतो, पण तो कुठल्या बिलावर लागत नाही.

फोटोत का दिसत नाही, याचं उत्तर साधं आहे. दाढेतली चीर बहुतेक वेळा पुढून मागे जाते, म्हणजे दाढेचा गालाकडचा भाग वेगळा आणि जिभेकडचा वेगळा. एक्स-रेचा झोत येतो गालाच्या बाजूनं, आणि फिल्म किंवा सेन्सर असतो जिभेच्या बाजूला. जाड पुस्तकातली पानं मधेच सुटली असतील तर मुखपृष्ठाकडे पाहून ते कळत नाही, वरून पानांच्या कडा बघाव्या लागतात. एक्स-रे मुखपृष्ठ बघतो. त्यात ती चीर केसाहून बारीक. महागडा थ्रीडी स्कॅनसुद्धा बऱ्याचदा चीर दाखवत नाही. चिरेमुळे शेजारचं हाड झिजलं असेल तर ते दाखवतो, म्हणजे चोर पळून गेल्यावरचं उघडं कपाट. आणि दाढेत चांदी भरलेली असेल तर त्या धातूमुळे स्कॅनवर पट्टे उठतात, ते वेगळंच. १९६४ साली कॅमेरॉन नावाच्या अमेरिकी दंतवैद्यानं या दुखण्याला 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' असं नाव दिलं. सिंड्रोम म्हणजे लक्षणांचं गाठोडं. ज्याचा फोटो निघत नाही, त्याला लक्षणांवरूनच नाव मिळणार.

आणि लक्षणं फार चमत्कारिक. कीड लागलेली दाढ सरळ स्वभावाची असते. गोड लागलं की दुखते, अन्न अडकलं की दुखते. तडकलेली दाढ तशी नाही. भाकरी चावताना काही होत नाही, आणि मधेच एका घासाला डोळ्यांसमोर वीज चमकावी तशी सणक येते. तीही दाबताना कमी, दाब सोडताना जास्त. ही सुटतानाची कळ हीच तिची खूण. दाबलं की चिरेचे दोन काठ किंचित फाकतात, सोडलं की झटकन मिटतात. दाताच्या आतल्या थरात, डेंटिनमध्ये, अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. काठ मिटताना तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला हिसका बसतो. थंड पाण्याचंही तसंच. पुन्हा दोन दिवस काहीच नाही. माणूस घरात सांगतो, "राहिली बुवा आपोआप." कोणती दाढ, वरची की खालची, हेसुद्धा त्याला धड सांगता येत नाही, कारण दाताच्या आतल्या नसेला कळ समजते, जागा समजत नाही. जागा समजते दाताच्या मुळाभोवतीच्या धाग्यांना, आणि ते अजून दुखायला लागलेले नसतात.

माठ विकत घेताना आपण बोटाच्या पेरानं वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर पक्का, भद्द वाजला तर तडा. दाढ वाजवूनही पाहतात, आरशाच्या दांड्यानं, पण ती माठाइतकी प्रामाणिक नसते; वरून ठोकलं तर गप्प बसते. तिला बोलतं करायला दुसरा मार्ग आहे. प्लॅस्टिकची एक छोटी काठी असते, टोकाला निमुळता उंचवटा आणि त्यात खळगी. ती दाढेच्या एकेका टेकाडावर ठेवायची (दाढेवर चार-पाच टेकाडं असतात) आणि म्हणायचं, "चावा. जोरात. आता सोडा." चारपैकी तीन टेकाडांवर काही होत नाही. चौथ्यावर सोडताक्षणी माणूस खुर्चीत उडतो. मग दाढेला बाजूनं बारीक पांढरा दिवा लावायचा. शाबूत दातातून उजेड आरपार पसरतो, दात कंदिलाच्या काचेसारखा दिसतो. चीर असेल तर उजेड तिच्यापाशी अडतो, अलीकडची बाजू उजळ, पलीकडची अंधारी. जुनं सिमेंट किंवा चांदी काढून, आत निळं औषध लावून धुतलं की चिरेत निळी रेघ राहते. आणि शेवटी हिरडीच्या कडेनं खुणा असलेली बारीक सळई फिरवायची. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर, आणि एकाच जागी एकदम सात-आठ, लगेच पुढे पुन्हा तीन. तसं आलं तर चीर मुळापर्यंत उतरलेली आहे, आणि पुढचं सगळं बोलणं बदलतं. या तपासणीला दहा-पंधरा मिनिटं लागतात. ज्या दवाखान्यात ती न करता नुसत्या फोटोवरून आकडा सांगितला जातो, तिथे "फोटोत काही नाही, मग पैसे कसले" हा प्रश्न दुप्पट रास्त ठरतो.

दाढ तडकते कशी, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको. सुपारी फोडायला घरात लोखंडी अडकित्ता असतो, तरी खांड दाताखाली जातंच. अडकित्त्याचाच नियम दाढेलाही लागू आहे. सुपारी पात्याच्या टोकाशी धरली तर फुटत नाही, बिजागरीजवळ सरकवली की कट्‌ म्हणून दोन तुकडे. जबड्याची बिजागरी कानापुढे असते, म्हणून जितकी मागची दाढ तितका तिच्यावर जोर अधिक. खालच्या मागच्या दाढा सगळ्यात जास्त तडकतात ते यामुळे. शिवाय त्या दाढांचं वय बघा. पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, दुसरी बाराव्या. पन्नाशीच्या माणसाची पहिली दाढ चव्वेचाळीस वर्षं कामावर असते, एकही रजा नाही. त्यात संक्रांतीला पाक पुढे गेलेला तिळाचा लाडू, लोणावळ्याची चिक्की, फुटाण्यांतला न फुटलेला एखादा दाणा, नळीतला मगज, कोकणात आणि गोव्यात खेकड्याची नांगी, सरबत संपल्यावर ग्लासात उरलेला बर्फ. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, यातला मधला काळ या म्हणीत नाही, जेव्हा दोन्ही असतात आणि दोघांची गाठ पडते.

पण खडा, सुपारी हे निमित्त. खरं काम बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भरलेल्या चांदीनं करून ठेवलेलं असतं. चांदी दाताला चिकटत नाही, खाच करून अडकवलेली असते. दाढेचा मधला भाग कोरून चांदी भरली की बाजूंना दोन पातळ भिंती उरतात. सकाळचा कढत चहा आणि रात्रीचं आइस्क्रीम यांनी चांदी फुगते-आकसते, वरून रोज हजारदा दाब पडतो. लाकूड फोडायचं असेल तर आपण मधे पाचर ठोकतो. इथे पाचर आधीच ठोकलेली आहे, घण तेवढा हळू पडतो आहे. दुसरं कारण रात्री दात खाण्याचं. दिवसा गिळलेला राग माणूस झोपेत दाढांवर काढतो. त्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं.

घरगुती उपायांबद्दल दोन वाक्यं. लवंगेच्या तेलानं थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरं, पण "लवंग धरा दाढेखाली" हा सल्ला तडकलेल्या दाढेला अगदी उलटा, कारण कडक लवंग नेमकी चिरेवर बसून तिला फाकवते. मिश्रीनं चीर काळी पडते, म्हणजे निदान डॉक्टरला दिसायला तरी सोपी जाते, एवढाच फायदा.

आता पैशांचं.

सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त पायरीवर खर्च शून्य आहे. आरशासमोर टॉर्च धरून पुढचे दात पाहिले तर चाळिशीनंतर बहुतेकांना उभ्या बारीक रेघा दिसतात, जुन्या चिनी मातीच्या बशीवर असतात तशा. त्या फक्त वरच्या कडक थरात, इनॅमलमध्ये असतात. दुखत नाहीत, वाढतीलच असंही नाही. त्यांना काहीही करावं लागत नाही, आणि त्यांच्यासाठी कुणी कॅप सुचवली तर आभार मानून उठावं. त्यानंतर टवका उडालेला दात. यात दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, लावतात. ३७ टक्के फॉस्फरिक ॲसिडची जेल पंधरा-वीस सेकंद, पाण्यानं धुणं, चिकटवणारा द्रव, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर आणि प्रत्येक थराला साधारण वीस सेकंद निळा उजेड. हजार ते अडीच हजार, पुढचा दात मोठा तुटला असेल तर जास्त. यात काम बिघडतं ते लाळेमुळे. चिकटवताना ओल आली की सिमेंट वर्षा-दोन वर्षांत निघतं, आणि लोक म्हणतात मटेरियल खराब होतं. पोराच्या पुढच्या दाताचा तुकडा बॉल लागून उडाला असेल तर तो तुकडा शोधून दुधात घालून न्यावा, कित्येकदा तोच परत चिकटवता येतो आणि रंग जुळवायचा प्रश्नच उरत नाही.

दाढेचं एखादं टेकाडच तुटून हातात आलं की घरात हाहाकार होतो. खरं तर तडकलेल्यांत हा नशीबवान. चीर आडवी बाहेर पडली, तुकडा निघाला, तुकड्याबरोबर सणकही गेली. नस बहुतेक शाबूत असते. उरलेल्या दाढेवर अर्धी टोपी (ऑनले) किंवा पूर्ण कॅप बसवली की काम झालं.

घोर लावणारी चीर ती, जी वरून सुरू होऊन खाली उतरते आणि कुठे थांबली ते सांगत नाही. इथे चांगला डॉक्टर पहिल्या दिवशी फार काही करत नाही, आणि नेमकं तेच लोकांना खटकतं. तो दाढ वरून किंचित घासून समोरच्या दाढेपासून मोकळी करतो. मग तिच्याभोवती स्टीलचं कडं बसवतो, वाकडे दात सरळ करताना दाढेला बसवतात तेच, किंवा ॲक्रिलिकची तात्पुरती कॅप. हजार-पंधराशे रुपये. आणि म्हणतो, दोन-तीन आठवडे थांबू. हे थांबणं म्हणजेच तपासणी आहे. कड्यानं दोन्ही काठ आवळले गेले आणि सणक थांबली, तर निदान पक्कं झालं आणि नसही सावरते आहे असं समजायचं. मग रूट कॅनल न करता सरळ कॅप. पण गरम चहानं ठणका उठू लागला, तो मिनिटभर टिकू लागला, रात्री झोपेतून उठवू लागला, तर नस गेली. थंडाची कळ क्षणात येऊन क्षणात जाणं आणि गरमाचा ठणका रेंगाळणं, या दोन वाक्यांच्या मधे पाच ते आठ हजारांचा फरक आहे. दवाखान्यात सांगताना लोक दोन्हीला "खूप दुखतंय" एवढंच म्हणतात.

कॅप नेमकं काय करते, हे ज्यानं बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना पाहिली आहे त्याला लगेच समजेल. चाक लाकडी, तुकड्यांचं जोडलेलं. लोहार लोखंडी धाव भट्टीत लाल करतो, चिमट्यांनी धरून चाकावर बसवतो आणि वर पाणी ओततो. धूर, चर्र आवाज, आणि धाव आकसून चाकाला अशी आवळते की सगळे सांधे करकचून बसतात. धाव लाकूड सांधत नाही. भेग होती तिथेच राहते, फक्त तिला फाकायला जागा उरत नाही. कॅपही तशीच. चीर बुजत नाही. दात हा हाडासारखा नाही, त्याची मोडलेली जागा भरून येत नाही. कॅप फक्त सगळ्या बाजूंनी धरून ठेवते. म्हणूनच नुसतं मधे सिमेंट भरून तडकलेल्या दाढेचं काम भागत नाही; ती पुन्हा पाचरच झाली. आणि धाव बसवायला चाक थोडं तासावं लागतं तशी दाढही तासावी लागते, वरून दीड-दोन मिलिमीटर, बाजूंनी एक-दीड. तासलेलं परत येत नाही.

धातूची साधी कॅप दोन-तीन हजारांत होते. दिसायला अगदीच नको वाटते, पण मागच्या दाढेला तिच्याइतकं चिवट दुसरं काही नाही, आणि तिला दाढ कमी तासावी लागते. आत धातू, वर सिरॅमिक अशी साडेतीन ते सहा हजार; हिचं दुखणं म्हणजे वरचं सिरॅमिक कधीकधी टवका सोडतं आणि हिरडीशी काळसर कड दिसते. झिरकोनियाची, म्हणजे धातू न घालता केलेल्या पांढऱ्या कडक सिरॅमिकची, सात हजारांपासून पंधरापर्यंत, पुण्या-मुंबईच्या काचेच्या दाराच्या दवाखान्यात त्याहून वर. झिरकोनियाबरोबर वॉरंटीचं कार्ड मिळतं, पाच वर्षं, दहा वर्षं, पंधरा वर्षं. ते कार्ड लोक लॉकरमध्ये ठेवतात. वॉरंटी कॅपची असते, आतल्या दाढेची नसते. दाढ आतून उभी दुभंगली तर कॅप शाबूतच निघते, आणि कार्डही.

कॅप बसवली तरी आतली नस नंतर दगा देऊ शकते, साधारण पाचांत एखाद्या दाढेची, आणि बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत. मग त्याच कॅपला भोक पाडून रूट कॅनल करावं लागतं. यात डॉक्टरनं फसवलं असं नसतं; नस सावरायला एक संधी दिली होती, ती तिला साधली नाही. पण हे आधी सांगितलेलं असलं तर समजूत, नंतर सांगितलं तर सबब. म्हणून काही डॉक्टर पहिले काही महिने कॅप तात्पुरत्या सिमेंटनंच बसवतात.

रूट कॅनलमध्ये भूल दिल्यावर दाढेला वरून भोक पाडून नस काढतात, बारीक फाइल्सनी मुळांतल्या नळ्या साफ करतात, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकानं धुतात आणि गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ भरून बंद करतात. खालच्या पहिल्या दाढेत तीन नळ्या, बऱ्याचदा चार. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी इतकी लपलेली की घाईत हमखास राहते, आणि मग "रूट कॅनल केलं तरी दुखतंय". तालुक्याच्या गावी तीन-साडेतीन हजार, शहरात पाच ते आठ, मायक्रोस्कोपखाली करणाऱ्या तज्ज्ञाकडे दहा-बारा. तडकलेल्या दाढेत मायक्रोस्कोपचे जास्तीचे पैसे एका गोष्टीसाठी द्यावेत: नस काढल्यावर आतली जमीन बघता येते. चीर भिंतीवरच थांबली असेल तर पुढे जायचं. जमीन ओलांडून पलीकडे गेली असेल तर हत्यारं खाली ठेवायची. तिथे थांबणारा डॉक्टर त्या दिवशी फक्त दाढ उघडल्याचे पैसे घेतो आणि काढून टाका म्हणतो. "उघडल्यावर कळेल" हे उत्तर ऐकायला टाळाटाळीसारखं वाटतं. तडकलेल्या दाढेबद्दल यापेक्षा खरं उत्तर नाही. विचारायचंच असेल तर हे विचारावं: उघडल्यावर दाढ ठेवण्यासारखी नाही असं निघालं, तर त्या दिवसाचे किती?

आणि सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे नाहीत. ते बुडतात रूट कॅनल झाल्यावर.

दुखायचं थांबतं. नसच नाही, दुखणार काय? पाच हजार गेलेले असतात, कॅपचे सात अजून द्यायचे असतात, आणि समोर मुलीची फी, गौरी-गणपती, बाइकचा हप्ता. "दिवाळीनंतर करू." तात्पुरतं सिमेंट भरलेली ती दाढ आता आधीहून पोकळ आहे, तिला चीर आहेच, आणि धोक्याची घंटा वाजवणारी नस काढून टाकलेली आहे. माणूस निर्धास्तपणे त्या बाजूनं खाऊ लागतो. मग एक दिवस मऊ पोळी खाताना दाढ बदकन दोन भागांत सुटते. दुखतही नाही फारसं. दोन्ही भाग जिभेनं हलतात. आता ती काढण्यावाचून इलाज नाही. पाच हजार गेले, दाढ गेली, आणि काढायचे वेगळे. दवाखान्यांत हे इतक्यांदा घडतं की काही डॉक्टर रूट कॅनल आणि कॅप यांचा आकडा वेगळा सांगतच नाहीत. गिऱ्हाईकाला वाटतं, पॅकेज लावतात. बारा हजारांचा आकडा असा जन्माला येतो.

काढून टाकायला सातशे ते पंधराशे. दुभंगलेली, तुकडे होणारी दाढ हिरडी उघडून काढावी लागली तर अडीच ते पाच हजार. बारा हजारांसमोर हजार रुपये, त्यामुळे काढणारा माणूस अडाणी असं समजायचं कारण नाही. तरी पुढचा हिशेब असा: मोकळ्या जागेत इम्प्लांट म्हणजे पंचवीस ते पंचेचाळीस हजार, जागा भरायला तीन-चार महिने, स्क्रू हाडात धरायला आणखी तीन महिने. ब्रिज म्हणजे तीन कॅपचे पैसे आणि शेजारच्या दोन निरोगी दाढा तासणं. दोन चांगल्यांना एका गेलेल्यासाठी कामाला लावायचं. आणि गेलेली दाढ शेवटची असेल, मागे अक्कलदाढ नसेल, तर नेहमीचा ब्रिज जमतच नाही, पलीकडचं टोक टेकवायचं कशावर? उलट बाजूही आहे. शेवटची दाढ गेल्यावर काहीही न बसवता वर्षानुवर्षं मजेत जेवणारे लोक आहेत. समोरची दाढ आधार नसल्यानं हळूहळू खाली उतरते, हे खरं. पण सत्तरीच्या आजोबांना मुळापर्यंत चिरलेल्या शेवटच्या दाढेसाठी चाळीस हजारांचा रस्ता दाखवण्यापेक्षा ती काढून स्वस्थ बसणं हा कमीपणा नाही. पहिली दाढ आणि पस्तीशीचं वय, तिथे मात्र शेवटपर्यंत भांडावं.

पैसे नसतील आणि वेळ असेल, तर मुंबईत फोर्टचं सरकारी दंत महाविद्यालय आहे, महापालिकेचं नायर आहे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी महाविद्यालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे. खाजगी दंत महाविद्यालयांतही विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी. किंमत वेळेत मोजावी लागते: केसपेपरची रांग, या विभागातून त्या विभागात, एका दाढेला पाच-सहा खेपा. रोजावर जाणाऱ्याला सहा खेपा म्हणजे सहा खाडे, ते बेरजेत धरावेत. पण पदव्युत्तर विभागात तडकलेली दाढ जितक्या कुतूहलानं बघतात तितकं बाहेर कुणी बघत नाही. दिवा लावून चार-चार जण वाकून पाहतात. मेडिक्लेमवर विसंबू नये. अपघात होऊन दवाखान्यात दाखल झाल्याशिवाय नेहमीच्या पॉलिसीत दात येत नाहीत, आणि चिक्की हा अपघात धरत नाहीत. डिसेंबरात अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठी येणारी मंडळी पुण्यात दातांची कामं उरकून जातात, तिकडे एका कॅपचेच हजार-दीड हजार डॉलर होतात म्हणून. बाकीच्या कामांना ते जमतं. तडकलेली दाढ पंधरा दिवसांत बसत नाही. तिला कडं घालून वाट बघावी लागते, आणि परतीचं तिकीट वाट बघत नाही.

त्या दिवशी आतलं दार उघडलं आणि डॉक्टरांनी काकांना पुन्हा बोलावलं. बहुधा काउंटरवरचं बोलणं ऐकू गेलं असावं. खुर्चीवर बसवून हातात आरसा दिला, वरचा मोठा दिवा बंद केला आणि गालाकडून तो बारीक दिवा दाढेला टेकवला. अर्धी दाढ पिवळसर उजळली. मधोमध एक रेघ, आणि तिच्या पलीकडे अंधार. काकांनी आरसा जवळ घेतला, लांब धरला, मान तिरकी केली. "म्हणजे दोन भाग झालेत?" "अजून नाही." "मग बारा हजार?" "ते आत्ताच लागतील असं नाही. आज कडं बसवू, बाराशे. वीस दिवसांनी या, मग रूट कॅनल लागतं का नुसती कॅप, ते ठरवू."

बाहेर येऊन त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून पैसे काढले, त्याबरोबर कागदाची एक पुडी काउंटरवर पडली आणि तिच्यातून सुपारीची दोन खांडं घरंगळली. त्यांनी नोटा मोजून दिल्या, पावती घेतली, खांडं गोळा करून पुडीत भरली. उजवा गाल अजून सुजल्यासारखा जड होता, शब्द ओठांतून सांडत होते.

"उजवीकडून बंद, ते समजलं," ते त्या मुलीला म्हणाले. "डावीकडून चालेल ना?"